कचेरीला जागा पाहिजे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त सांगणारे आले, इतिहास सांगणारे आले, राजकारणातले धुरंधर आले. त्या पंगतीत आज चालकांनी एका जागांच्या दलालाला पाट मांडून दिला आहे. 'दलाल' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या धंद्यातल्या तरुण मंडळींच्या पाट्यांवर हल्ली 'कन्सल्टंट', 'अ‍ॅडव्हायझर' असले भारदस्त शब्द असतात. काम तेच. कुणाला जागा हवी असते, कुणाची जागा पडून असते, आणि दोघांची गाठ घालून देणारा मध्ये एक माणूस असतो. देशातल्या सर्वांत जुन्या शेअरबाजाराच्या रस्त्याला दलालांचेच नाव आहे आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही, तर मी का वाटून घ्यावी?

शिवाय ज्या पटांगणावर आपण बसलो आहोत ते एका कचेरीतल्या माणसाच्या नावाचे आहे, हे आपण विसरतो. यशवंतराव महाराज हे मामलेदार होते. सटाण्याची कचेरी त्यांच्या हाताखाली होती. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला, आणि वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा तो भरलेला निघाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे विश्वास ठेवावा. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती कचेरी लोकांना सापडत होती. दुष्काळाने पिचलेला माणूस चालत निघाला तर त्याला कुठे जायचे ते ठाऊक होते. कचेरीचा पहिला गुण हाच की ज्याचे तिथे काम आहे त्याला ती सापडावी आणि तिथवर पोचता यावे. बाकी संगमरवर, काचा, गारवा देणारी यंत्रे हे सारे मागाहून.

पूर्वी ही अडचण फारशी नव्हती, कारण कचेरी आणि घर निराळे नव्हते. वाड्याच्या पुढच्या सोप्यावर पेढी, माजघरात संसार. पुण्याला 'केसरी'ची कचेरी गायकवाडवाड्यात होती आणि टिळकांचे बिऱ्हाडही तिथेच. आपल्या सराफ बाजारातल्या जुन्या पेढ्याही अशाच. गादी, तक्क्या, पुढे उतरते मेज, भिंतीत तिजोरी, आणि जेवायची हाक आली की मालक मागल्या मागे आत जाणार. भाडे नाही, करार नाही, गाडी लावायचा प्रश्न नाही. पण जेव्हा एका छपराखाली पन्नास माणसे पगारासाठी काम करू लागली आणि ती माणसे पन्नास ठिकाणांहून येऊ लागली, तेव्हा जागा शोधणे हे एक शास्त्र झाले. ते शास्त्र आपल्या लोकांनी गंभीरपणे घेतले नाही, अशी माझी तक्रार आहे.

आणि गंमत अशी की, या शास्त्राचा उत्तम धडा आपल्या गावातच गिरवलेला आहे.

नाशिकरोडच्या छापखान्याबद्दल मी बोलतो आहे. आपण त्याला नुसते 'प्रेस' म्हणतो. हिंदुस्थानची टपालाची तिकिटे त्या काळी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. नोटा बँक ऑफ इंग्लंड छापून देई. पत्रावर चिकटवायचा एवढासा कागद सुद्धा बोटीतून समुद्र ओलांडून यायचा. हे काम इथेच करता येईल का, याचा तपास १९२२ च्या सुमारास दोन अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला. एक मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल विलिस आणि दुसरे सरकारी छपाई व लेखनसामग्री खात्याचे अस्कोली. त्यांनी आधी दिल्लीला प्रयोग करून पाहिले. काम इथे होऊ शकते असे ठरल्यावर मग प्रश्न आला, कुठे?

जरा विचार करा. सत्ता दिल्लीत होती, पैसा मुंबईत होता. दुसरा कुणी असता तर दिल्लीत एक मोक्याची जागा घेऊन मोकळा झाला असता, नाहीतर टांकसाळीला लागून मुंबईतच शेड ठोकली असती. नाशिकरोड निवडले गेले ते दोन कारणांसाठी. बाराही महिने इथली हवा समशीतोष्ण, आणि इथे मोठ्या लोहमार्गावरचे स्टेशन, जिथून मेलगाड्या देशाच्या सगळ्या दिशांना जातात. डिंक लावलेला कागद आणि दमट हवा यांचे वैर काय असते ते कोकणातल्या कोणत्याही पोस्टमास्तराला विचारा. आषाढात तिकिटांची चवड पेटीत ठेवली की तिची वीट होते. तेव्हा तिकिटाच्या छपाईला समुद्रकाठ नको, फार तापणारा मुलूखही नको. आणि माल तयार झाल्यावर तो पेशावरपासून मद्रासपर्यंत जायचा, म्हणून गाडी दारात हवी. १९२५ मध्ये छापखाना सुरू झाला. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना त्याला जोडून उभा राहिला. १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्‌घाटनाची चित्रमय तिकिटे निघाली ती इथलीच. आज पारपत्रेही इथेच छापली जातात. शंभर वर्षे उलटली, राज्य बदलले, राजाचे मुखवटे जाऊन सिंहस्तंभ आला, पण जागा बदलावी लागली नाही.

यात त्या दोघांनी केले काय? त्यांनी जागेपासून सुरुवात केली नाही. कामापासून केली. हे काम कशाने बिघडते, कशाने चालते, कुठून कच्चा माल येतो, कुठे पक्का माल जातो, हे आधी ठरवले आणि मग नकाशा उघडला. आमच्याकडे येणारे शंभरातले नव्वद गिऱ्हाईक उलट करतात. आधी नकाशा उघडतात. "कॉलेज रोडलाच पाहिजे," असे म्हणतात. का पाहिजे, असे विचारले तर उत्तर मिळते, "सगळे तिथेच आहेत." सगळे तिथे आहेत म्हणून तिथे गाडी लावायला जागा नाही, म्हणून तिथले भाडे चढे आहे, हे त्यांना दिसत नाही. तुमचे गिऱ्हाईक अमेरिकेत आहे, ते कॉलेज रोडला कधी येणार?

दुसरे उदाहरण जरा दुःखाचे आहे, पण त्याचा शेवट गोड झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावला होता. गावाच्या वाढीसाठी तिथल्या नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि चालता उद्योग उचलावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचे रान! १९१० साली लक्ष्मणराव तिथे गेले. त्या माळावर त्यांना हवे ते जवळजवळ काहीच नव्हते, एक सोडून. स्टेशन होते. बाकीचे सारे बांधता येते, आगगाडीचे स्टेशन स्वतःला बांधता येत नाही. त्यांनी आधी माणसांना राहायला घरे उभी केली, कारण घर नाही तर कामगार नाही. आज किर्लोस्करवाडी हे स्टेशनचेच नाव झाले आहे. जागा निवडताना जे आपल्याला बदलता येणार नाही तेवढेच बारकाईने तपासावे, हा धडा मी तिथून घेतला. गिऱ्हाईक रंग पाहतो, फरशी पाहतो, दिवे पाहतो. या सगळ्या गोष्टी महिन्याभरात बदलता येतात. जिना किती रुंद आहे, छत किती उंच आहे, खांब कुठे आले आहेत, रस्त्यावर बस थांबते का, नदीची पूररेषा कुठून जाते, या गोष्टी ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत.

पूररेषेचे निघालेच म्हणून सांगतो. आपण नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. गुडघ्याला पाणी आले, कमरेला आले, छातीला आले, ही आपली मापे. १९६९ चा पूर जुन्या लोकांच्या आठवणीत आहे, २००८ आणि २०१६ चे पूर आपण सर्वांनी पाहिले. भांडी बाजारात, सराफ बाजारात पाणी शिरले ते अजून डोळ्यांपुढे आहे. असे असूनही बाहेरगावची एखादी कंपनी येते, नदीकाठची सुंदर इमारत पाहते, वरच्या मजल्यावर माणसे बसवते आणि संगणकांची, बॅटऱ्यांची सारी यंत्रे तळघरात ठेवते, कारण तळघराचे भाडे कमी. त्यांना मारुती ठाऊक नसतो. तो ठाऊक करून देणे हे स्थानिक दलालाचे काम आहे, आणि त्याची दलाली त्याने ताठ मानेने घ्यावी.

मुंबईची कथा आपल्याला जवळची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६० नंतरच्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि शहराचा श्वास मोकळा झाला. टाउन हॉलसमोर गोल इमारती उठल्या, त्या आजच्या हॉर्निमन सर्कलच्या. शेअरांचे दलाल त्या आधी तिथल्याच वडाच्या झाडाखाली उभे राहून सौदे करीत. त्यांची कचेरी म्हणजे एक सावली. ते हलत हलत १८७४ च्या सुमारास आजच्या दलाल स्ट्रीटवर आले आणि १८७५ मध्ये त्यांची संस्था झाली. पुढे नवी गोदी खणताना निघालेली माती टाकून पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेट उभारली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याने. जहाज कंपन्या तिथे गेल्या, कारण बोटी तिथे लागत. त्याच विटेटने आखलेले टाटांचे बॉम्बे हाऊस १९२४ पासून आजतागायत टाटांचेच मुख्यालय आहे. मग समुद्र हटवून नरिमन पॉइंट झाले. मग दक्षिण टोकाला इतकी गर्दी झाली की लोकलगाड्या सकाळी एकाच दिशेने फुटायला आल्या. तेव्हा १९७० मध्ये सिडको आणि १९७५ मध्ये महानगर प्रदेशाचे प्राधिकरण स्थापन झाले, आणि वांद्रे-कुर्ल्याच्या दलदलीत नवा कचेऱ्यांचा गाव वसला. हिऱ्याचा बाजार २०१० मध्ये तिथे गेला. म्हणजे मुंबईच्या कचेऱ्या दीडशे वर्षे वाट काढीत उत्तरेकडे चालल्या आहेत. त्यांना पुढे ढकलले कुणी? ज्यांना रोज तिथे जायचे होते त्या माणसांच्या हालांनी ढकलले.

आता आपल्या अंबडकडे येऊ, आणि इथे मी जरा वेळ थांबणार आहे.

औद्योगिक विकास महामंडळाने साठीनंतर सातपूरला आणि पुढे अंबडला कारखान्यांसाठी भूखंड पाडले, ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले, रस्ते-पाणी-वीज दिली, आणि नाशिकचा कायापालट झाला. याबद्दल महामंडळाचे ऋण कुणी नाकारू नये. जे गणित कारखान्यांना लागू पडले तेच आय.टी. कंपन्यांना लागू पडेल अशा समजुतीने अंबडला माहिती तंत्रज्ञानासाठी एक इमारत बांधण्यात आली. इमारत वर्षानुवर्षे जवळजवळ रिकामी राहिली. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. कुणी म्हणाले सरकारचा दोष, कुणी म्हणाले विमान नाही, कुणी म्हणाले नाशिकच्या पोरांना इंग्रजी येत नाही. हे शेवटचे विधान तर धादांत खोटे आहे. डब्ल्यूएनएससारख्या कंपनीने याच नाशिकमधल्या मुलामुलींकडून परदेशांची कामे करून घेतली आहेत. ईएसडीएसने सातपूरला आपले मुख्यालय ठेवून संगणकांची कोठारे चालवून दाखवली आहेत. मग मुले तीच, गाव तेच, एक इमारत भरते आणि एक ओस पडते, हे कसे?

माझे मत असे. कारखान्याचा कामगार पाळीने येतो, भोंग्याला येतो आणि भोंग्याला जातो. त्याच्यासाठी कंपनीची गाडी असते, उपाहारगृह आत असते. कचेरीतल्या माणसाचे तसे नाही. त्याला दुपारी चहाला बाहेर पडायचे असते, बँकेत जायचे असते, संध्याकाळी भाजी घेऊन घरी जायचे असते. तरुण मुलीला रात्री नऊला सुटल्यावर दिवे असलेला, माणसांनी वाहता रस्ता हवा असतो. औद्योगिक वसाहतीतला रस्ता रुंद असतो, पण संध्याकाळी सातनंतर तिथे कुत्रीसुद्धा नसतात. इमारत बांधणाराने चौरस फूट मोजले, पण माणसाचा दिवस मोजला नाही. कचेरी ही चार भिंतींची नसते, तिच्या भोवतालच्या दोन फर्लांगांचीही असते.

याचे मोल काय झाले ते या पटांगणात बसलेल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुलगी शिकून बाहेर पडते आणि दुसऱ्या महिन्यात पुण्याला हिंजवडीच्या वाटेवर एका खोलीत तिघीजणी राहू लागतात. शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने नाशिक, रविवारी रात्रीच्या एस.टी.ने पुणे. दोन हजार वीसच्या साथीत हीच मुले घरी परत आली, देवघराशेजारच्या टेबलावर संगणक मांडून त्यांनी तेच काम केले, आणि कंपन्यांना कळले की काम पुण्यातच व्हायला पाहिजे असे काही नाही. त्यातली पुष्कळ मुले मग परत बोलावली गेली. पण काही कंपन्यांनी विचार केला, की नाशिकला पन्नास-साठ खुर्च्यांची एक शाखा असली तर मुले टिकतील. अशी चौकशी माझ्याकडेही येते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईचे साहेब सकाळी येऊन जागा पाहून संध्याकाळी परत जातात. संधी आहे. पण संधी आली की तिच्या पाठोपाठ लबाडीही येते, आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे.

पहिली लबाडी मोजमापाची. आमच्या धंद्यात तीन मापे चालतात: कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप. कार्पेट म्हणजे सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा. बिल्टअपमध्ये भिंती येतात. सुपर बिल्टअपमध्ये जिना येतो, लिफ्टचा खड्डा येतो, पहारेकऱ्याची खोली येते, आणि कधीकधी वाटते, की मालकाची हौसही येते. समजा, तुम्हाला सांगितले पंधराशे फूट आणि भाडे फुटाला पंचेचाळीस. महिन्याचे झाले ६७,५०० रुपये. त्या पंधराशेत चाळीस टक्के भर घातलेली असेल, तर हातात येतात १,०७१ फूट, आणि खरे भाडे पडते फुटाला त्रेसष्ट. साधारण हिशोबाने कचेरीत एका माणसामागे साठ ते शंभर चौरस फूट लागतात. दाटीवाटीने साठ धरले तरी पंधराशेत पंचवीस माणसे बसतील असे तुम्हाला वाटले होते, बसणार सतरा. आठ खुर्च्या लिफ्टच्या खड्ड्यात गेल्या! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या करून ठेवली आहे आणि विक्रीपुरती शिस्त आणली आहे. भाड्याच्या बाजारात मात्र अजून जुनीच भाषा चालते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, बरोबर फीत आणा. शुभमुहूर्त नंतर पाहू.

दुसरी गोष्ट कराराची. जुन्या भाडेनियंत्रणाने, म्हणजे १९४७ च्या कायद्याने, भाडेकरूला असे काही कवच दिले होते की मालक जागा भाड्याने द्यायलाच घाबरू लागले आणि पागडीची पद्धत माजली. २००० साली नवा कायदा लागू झाला तेव्हा बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना त्या कवचातून वगळण्यात आले. मोठ्यांना संरक्षण कशाला, हा विचार मला योग्य वाटतो. पण त्याचा अर्थ असा की अशा कंपनीला करारनाम्यात जे लिहिले आहे तेवढेच तिचे. लहान कंपन्याही हल्ली भाडेपट्टा न करता लिव्ह अँड लायसेन्स करतात. तेव्हा कागद लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

एक हकीगत सांगतो, नावे सांगणार नाही. चार तरुण मित्रांनी मिळून एक उद्योग काढला. सगळे नाशिकचे. पाहता पाहता चाळीस माणसे झाली. त्यांनी एक दिमाखदार दालन घेतले. करारात एक कलम होते, की तीन वर्षे भाडेकरूने जागा सोडायची नाही, सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे भरायचे. याला आम्ही लॉक-इन म्हणतो. मालकाला मात्र तीन महिन्यांची सूचना देऊन जागा मागण्याची मुभा होती. कुलूप एकाच बाजूने! अकराव्या महिन्यात त्यांचे मोठे परदेशी गिऱ्हाईक गेले. निम्मी माणसे कमी करून लहान जागेत गेले असते तर उद्योग तगला असता. पण पंचवीस महिन्यांचे भाडे मानगुटीवर होते, दर महिना ऐंशी हजार, म्हणजे वीस लाख रुपये. अनामत जप्त झाली, मालकाची नोटीस आली, आणि वर्षभरात पाटी उतरली. मी तो करार पाहिला तेव्हा सह्या होऊन गेलेल्या होत्या. त्या चौघांतले तिघे आता पुण्यात नोकरी करतात. हुशारीत कमी नव्हते, कामात चोख होते. धंदा बुडाला तो एका कलमाने. ते कलम वाचायला किती वेळ लागतो? तितक्या वेळात चहासुद्धा निवत नाही.

मालकांचीही बाजू आहे आणि ती मी झाकणार नाही. आपल्या पेन्शनच्या पैशांतून गाळा घेतलेला माणूस भाड्यावर घर चालवतो. कंपनी रातोरात सामान उचलून गेली तर तो काय करणार? म्हणून लॉक-इन असूच नये असे मी म्हणत नाही. ते दोघांना सारखे असावे आणि माफक असावे. जुन्या गावातल्या एका वाड्याच्या मालकांशी माझे नेहमीचे भांडण आहे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांचा तिसरा मजला किती वर्षे रिकामा आहे. मी म्हणतो, "नाना, लिफ्ट नाही, जिन्यात उजेड नाही, भाडे गंगापूर रोडचे सांगता, कोण येणार?" नाना म्हणतात, "अरे, माझ्या आजोबांच्या वेळी इथे मुनसफ राहत होते." मुनसफाची किंमत आजच्या भाड्यात धरता येत नाही, हे त्यांना कसे समजावावे? आणि जिना एकच आहे, तोही लाकडी. आग लागली तर चाळीस माणसे उतरणार कुठून? मी त्यांना अखेर सुचवले आहे, की त्यांनी खालचा मजला एखाद्या वकिलाला किंवा हिशेबनीसाला द्यावा. अशा लोकांना न्यायालय जवळ हवे, अशील चालत येणारा हवा. त्यांना जुने गाव अजूनही सोयीचे आहे. प्रत्येक जागेला तिचा भाडेकरू असतो, पण तो प्रत्येक वेळी संगणकवालाच असतो असे नाही.

आणखी एक बाब खास आपल्या गावची. दर बारा वर्षांनी आपल्याकडे सिंहस्थ भरतो. २००३ ला भरला, २०१५ ला भरला, आता २०२७ चा आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीच्या आणि जुन्या गावाच्या वाटा वाहनांना बंद होतात. पाच वर्षांचा करार करणाऱ्या कंपनीने पंचांग पाहूनच करार करावा, असे मी म्हणतो तेव्हा साहेब लोक हसतात. हसू द्या. त्यांच्या चाळीस माणसांना तीन दिवस घरून काम करण्याची तजवीज आधी करून ठेवली, तर पर्वणीही निर्विघ्न आणि कचेरीही निर्विघ्न.

शेवटी रात्रपाळीचे बोलतो. परदेशच्या वेळेने चालणाऱ्या कचेऱ्यांत मुली रात्री काम करतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना त्यांच्या संमतीने काम करण्याची मोकळीक दिली आहे, पण त्यांच्या सुरक्षिततेची आणि कचेरीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, अशी अट घातली आहे. अलीकडे एका कंपनीसाठी मी जागा पाहत होतो. संचालकांच्या मनात गंगापूर रोडची एक काचेची इमारत भरली होती. खरोखर देखणी होती. मी त्यांच्याकडून कामावर घ्यायच्या मुलामुलींचे पत्ते मागवले, नावे नकोत, नुसते भाग. नाशिकरोड, सिडको, इंदिरानगर, देवळाली, पंचवटी. नकाशावर ठिपके मांडले. ठिपक्यांचा गोळा मुंबई नाका आणि द्वारकेच्या आसपास जमत होता. तिथे एक जुने कापडदुकान बंद होऊन त्याचा वरचा मजला रिकामा होता. दर्शनी भाग सामान्य, पण जिने दोन, समोर सिटीलिंकचा थांबा, खाली रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे औषधाचे दुकान. संचालक म्हणाले, "आमचे अमेरिकेचे पाहुणे आले तर काय म्हणतील?" मी म्हटले, "साहेब, पाहुणे वर्षातून एकदा येतील. ही मुले वर्षातून तीनशे वेळा येतील." त्यांनी आपल्या पत्नीला ती जागा दाखवायला आणले. त्या बाईंनी रात्री दहा वाजता स्वतः तो जिना उतरून पाहिला, थांब्यावर पाच मिनिटे उभ्या राहिल्या, आणि जागा ठरली.

महानगरपालिकेकडे माझे मागणे मोठे नाही. घरपट्टीच्या दप्तरात बिगरनिवासी गाळ्यांची नोंद आहेच. त्यातले रिकामे किती, कोणत्या भागात, खरे क्षेत्र किती, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, एवढी यादी मालकांच्या संमतीने दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी. माझी दलाली त्याने कमी होईल, होऊ द्या. आणि अंबड-सातपूरकडून शहरात येणारी शेवटची बस कचेऱ्यांच्या सुटण्याच्या वेळेनंतर असावी, आधी नसावी.

आपल्यापैकी कुणाच्या मुलाने किंवा मुलीने छोटा उद्योग काढायचे मनात घेतले असेल आणि जागेचा करारनामा हातात आला असेल, तर तो माझ्याकडे घेऊन यावा. वाचून सांगण्याचे मी पैसे घेत नाही. एकच अट आहे, सही करण्यापूर्वी यावे.